सीट कोणाच्या मापाची?

वर्गातल्या बाकांवर बसलेली मुले आपण रोज पाहतो. कोणाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, तर कोणाचे गुडघे वरच्या फळीला अडतात. बाके सारखी, मुले मात्र सारखी नाहीत. नेमका हाच प्रश्न ब्रिटनमध्ये घरच्या घरी स्पोर्ट्‌स मोटार बांधणाऱ्या हौशी मंडळींपुढे गेली साठ-सत्तर वर्षे येतो आहे. गाडीचा सांगाडा जुळवला, इंजिन बसवले, चाके लावली. आता सीट कोणती घ्यायची? प्रश्न किरकोळ वाटतो. पण त्याच्या उत्तराचा इतिहास पाहू लागलो, की संख्याशास्त्र, शरीररचना आणि न्यूटनचे नियम या सर्वांची गाठ पडते.

आधी घरी मोटार बांधण्याची ही प्रथा कशी रुजली ते पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे. सुट्या भागांचा संच घेऊन गाडी स्वतः जुळवली, तर हा कर वाचत असे. कॉलिन चॅपमन या तरुण अभियंत्याने १९४८ साली एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी तयार केली आणि १९५७ साली ‘लोटस सेव्हन’ बाजारात आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, दोन माणसांपुरती जागा आणि वजन पाचशे किलोग्रॅमच्या आसपास, अशी ही गाडी संचाच्या रूपात मिळे. १९७३ साली खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. हौस मात्र संपली नाही. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी, अवघ्या २५० पौंडांत स्पोर्ट्‌स मोटार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिले. मग जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढून लोक आपापल्या गॅरेजात नळ्या जोडू लागले.

अशा वेळी जुन्या गाडीची सीटही वापरावी, हा विचार साहजिकच मनात येतो. पण घरगुती वापराच्या मोटारीत आपण खुर्चीवर बसल्यासारखे बसतो. सेव्हनसारख्या गाडीत जवळजवळ जमिनीलगत, पाय समोर पसरून बसावे लागते. शरीर खाली असले की गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि वळणावर ती कमी कलंडते. शिवाय हवेला अडवणारे क्षेत्रफळही घटते. चॅपमनने १९६२ च्या ‘लोटस २५’ या शर्यतीच्या गाडीत चालकाला जवळपास आडवेच केले होते. याच गाडीतून जिम क्लार्कने १९६३ ची जागतिक स्पर्धा जिंकली. जुन्या एस्कॉर्टची उंच सीट अशा बुटक्या गाडीत बसवली, तर चालकाचे डोळे काचेच्या वरच्या कडेशी येतात. त्याहून वाईट म्हणजे, गाडी उलटल्यास डोके वाचवण्यासाठी मागे जी नळीची कमान असते, तिच्याही वर डोके जाते. मग कमान असून नसल्यासारखीच!

तेव्हा बुटकी सीट हवी. पण कोणत्या मापाची? ‘सरासरी माणसाच्या’ असे उत्तर सहज सुचते. अमेरिकेच्या हवाई दलाने आपल्या विमानांतील वैमानिकाची जागा याच विचाराने आखली होती. १९५० साली या दलाने हजारो वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण संशोधकाने त्यांपैकी ४,०६३ जणांची दहा-दहा मापे तपासली आणि १९५२ साली निष्कर्ष मांडले. प्रत्येक मापासाठी त्याने सरासरीच्या आजूबाजूचा असा एक पट्टा धरला, की साधारण चौथा हिस्सा माणसे त्यात यावीत. उंचीने सरासरी असलेले निघाले १,०५५. त्यांपैकी छातीच्या घेरानेही सरासरी असलेले ३०२. त्यांतून बाहीच्या लांबीनेही सरासरी असलेले १४३. अशी एकेक चाळणी लावत दहाव्या मापाशी पोहोचल्यावर उरले शून्य. चार हजारांत सर्वांगाने सरासरी असा एकही माणूस सापडला नाही!

यात जादू नाही. दहाही मापे एकमेकांपासून स्वतंत्र असती, तर प्रत्येक चाळणीत चौथा हिस्साच उरला असता आणि माणसे याहूनही लवकर संपली असती. उंच माणसाचे हातही बहुधा लांब असतात, म्हणून ती थोडी जास्त टिकली, एवढेच. यानंतर हवाई दलाने भूमिका बदलली. माणसाला सीटशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी सीट माणसाशी जुळवता आली पाहिजे, असा आग्रह धरला गेला.

घरी गाडी बांधणाऱ्याला मात्र एक मोठी सोय असते. त्याला चार हजार माणसांची चिंता नसते. त्याला एकच शरीर माहीत असायला हवे. गाडी तो एकटाच चालवणार असेल, तर रुळावर न सरकणारी, फायबरग्लासची खोलगट सीट पुरते. ती हलकी असते, बुटकी असते आणि वळणावर शरीर घट्ट धरून ठेवते. काही जण तर प्लास्टिकच्या पिशवीत फुगणाऱ्या फोमची दोन रसायने ओतून तिच्यावर बसतात आणि आपल्याच पाठीचा साचा काढतात. पण गाडी पतीबरोबर पत्नीही चालवणार असेल, तर मागेपुढे सरकणारी सीट हवीच. सीट घेण्याआधी शरीराची मापे घ्यावीत आणि तळावर लाकडी ठोकळे ठेवून बसून पाहावे, हे शहाणपणाचे.

आता सुरक्षिततेचा हिशेब करू. ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर वेगाने जाणारी गाडी धडकली आणि चालकाचे शरीर ०.६ मीटर अंतरात थांबले, असे समजा. v² = २as या सूत्राने त्वरण येते सुमारे १६० मीटर प्रतिसेकंद², म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या सोळा पट. ७५ किलोग्रॅमच्या माणसावर १२,००० न्यूटन बळ लागते. हे सेव्हनच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक झाले. समोरून धडक बसली, तर हे बळ पट्ट्याने पेलायचे असते. म्हणून पट्ट्याची टोके पत्र्याला नव्हे, तर सांगाड्याच्या नळ्यांना जोडावी लागतात. मागून धडक बसली, तर शरीर सीटच्या पाठीवर दाबले जाते आणि सारा भार चार बोल्टांवर येतो. पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून निघू नये म्हणून त्याखाली रुंद पोलादी पट्टी घालतात. वर्गात हे सहज दाखवता येईल. कागदाला भोक पाडून त्यातून गाठ मारलेला दोरा ओढा, कागद फाटेल. गाठीपाशी शर्टाचे बटण अडकवून पुन्हा ओढा. फरक मुलांना हातानेच कळेल.

तीन बिंदूंचा पट्टा १९५९ साली व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन यांनी आणला. त्याआधी ते विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या सीटवर काम करीत असत. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर कटीच्या हाडांवर यायला हवा. खांद्यावरचे पट्टे खांद्याच्या पातळीतच मागे जायला हवेत. ते फार खाली बांधले, तर ताणाचा मोठा घटक मणक्यांना खाली दाबतो. डोक्यामागचा आधारही तितकाच महत्त्वाचा. अमेरिकेने १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींत तो सक्तीचा केला. मागून धडक बसते तेव्हा धड पुढे ढकलले जाते, पण डोके जडत्वामुळे जागीच राहते आणि मान मुरडते. म्हणून जुनी, आखूड पाठीची सीट दिसायला कितीही देखणी असली, तरी ती टाळलेलीच बरी.

या इतिहासातून एक उपक्रम करून पाहता येईल. वर्गातील मुलांची उभी उंची, बसलेली उंची, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची आणि हाताची लांबी मोजा. प्रत्येक मापाची सरासरी काढा आणि तिच्या जवळची चौथा हिस्सा मुले निवडा. मग चारही यादीत असलेली मुले किती, ते फळ्यावर लिहा. बहुधा एक-दोन नावे येतील, कदाचित एकही नाही. त्यानंतर मुलांनाच विचारा, की आपल्या वर्गातली बाके कोणासाठी बनवली आहेत. खाली टेकू देऊन किंवा पायाखाली फळी ठेवून एखाद्या मुलाची बैठक सुधारता आली, तर तेवढे काम त्याच दिवशी उरकून टाकावे.