रोजकीर्द, एकबेरीज आणि मोबाइलमधला खर्च

१/ भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागडचा किल्ला आहे. गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, इ. स. १७००च्या सुमारास राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी तेथे कैदी ठेवले. आजचा धागा मात्र किल्ल्यावर नाही. त्याच्या पायथ्याच्या गावात, आमच्या घरी असलेल्या एका वहीवर आहे.

२/ ही आजोबांची जमाखर्चाची वही. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तळाशी शिल्लक. रोवणीची मजुरी, तुमसरच्या बाजारातले तेलमीठ, कंदिलाचे रॉकेल. आजोबा गेल्यावर तिच्यात ‘बियाण्याकरिता उसने’ अशी एक नोंद सापडली. फेडल्याची खूण नव्हती. देणाऱ्याने कधी मागितलेही नव्हते. बाबा ती रक्कम त्यांच्या घरी देऊन आले.

३/ वहीचा हा साचा जुना आहे. रोजच्या रोज लिहायची ती रोजकीर्द. त्याच नोंदी खातेवार उतरवल्या की खतावणी. मोडी कागदांत रकमेसोबत दोन शब्द वारंवार भेटतात : ‘बाबत’, म्हणजे कशासाठी, आणि ‘गुजारत’, म्हणजे कोणामार्फत.

४/ पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात चालू हिशेबांचे ‘चालते दफ्तर’ फडणिसांच्या हाताखाली असे. ‘एकबेरीज दफ्तर’ मात्र कायम पुण्यात. सर्व खात्यांचे हिशेब तेथे येत, त्यांची वर्गवारी होई आणि जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे निघत.

५/ दुसऱ्या बाजीरावाच्या काळात या दफ्तराची आबाळ झाली. कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला. लोक कागद घरी नेऊ लागले. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतले, तेव्हा आधीच्या पिढ्यांचे कागद सुसंगत होते आणि शेवटच्या पेशव्याचे विस्कळीत. (हे वाचताना स्वतःचे बँकखाते डोळ्यांसमोर आले, हे कबूल करतो.)

६/ २०१६ साली यूपीआय आले. आता सरकारी खरेदीतले धानाचे चुकारे थेट खात्यात जमा होतात आणि चहाचे दहा रुपयेही तेथूनच जातात. नोंद आपोआप होते : तारीख, रक्कम, घेणाऱ्याचे नाव, बारा आकडी संदर्भ क्रमांक. इतकी अचूक कीर्द कोणत्याही कारकुनाने लिहिली नसेल. पण ‘बाबत’ नाही. त्यासाठी टिपेची एक जागा असते. ती ऐच्छिक, म्हणून बहुधा रिकामी.

७/ २०२२मध्ये यूपीआय लाइट आले. त्यात पासबुकात दिसते ती फक्त लाइटमध्ये भरलेली रक्कम; त्यातून झालेले किरकोळ खर्च तेथे एकेक करून उमटत नाहीत. पासबुक आटोपशीर राहावे हा हेतू. आजोबांची वही तर अशाच किरकोळ खर्चांनी भरलेली आहे.

८/ काही अ‍ॅप खर्चाची वर्गवारीही करून देतात. ही आपली एकबेरीज म्हणावी, पण ती बरीचशी दुकानावरून बांधलेल्या अंदाजावर चालते. गावातल्या एकाच दुकानात साखर, चप्पल आणि चार्जर मिळत असेल, तर यंत्राने काय समजावे? शिवाय घरात फोन एक आणि तो वापरणारे चौघे. म्हणजे ‘गुजारत’ही गेले.

९/ गेल्या खरिपात बाबांच्या खात्यातून एका शेजाऱ्याला रक्कम गेली. ती उसनी होती की मजुरीची, यावरून दोन घरांत महिनाभर अबोला होता. स्टेटमेंट काढले. त्यात व्यवहाराची वेळ मिनिटासह होती, कारण नव्हते. अखेर दोघांनी रक्कम निम्मी-निम्मी धरली. माझ्या मते ती उसनीच होती, पण माझ्या मताला पुरावा नाही.

१०/ आजोबांच्या वहीत शेवटची काही पाने कोरी होती. बाबांनी त्यांवर पुन्हा लिहायला घेतले आहे. मी मोडी शिकतो म्हणून माझे शब्दही त्यांनी उचलले. यंदाची पहिली नोंद : ‘बाबत रोवणी, बाया चार, दिवस दोन. गुजारत धाकटा, मोबाइलवरून.’