पन्हाळ्याचा नसलेला दरवाजा

गतवर्षीं श्रावणाच्या आरंभीं धर्मग्रामांतील तरुण मंडळींसह पन्हाळगडीं जाण्याचा योग आम्हांस आला. कोल्हापुराहून वायव्येस सुमारें २० किलोमीटरांवरील हें स्थान आज थंड हवेचें ठिकाण म्हणून लोकप्रिय आहे. तेथील धुकें, वारा आणि गरम झुणका-भाकर यांनीं मंडळी इतकी तृप्त झाली कीं, आमचा इतिहास ऐकावयास कोणी उरेना! तेवढ्यांत एका मुलानें विचारलें, “फादर, चार दरवाजा कोठें आहे?” आम्हीं म्हटलें, “बाळा, मोटार ज्या जागेवरून आंत आली, तेथेंच तो होता.”

महाबळेश्वर इंग्रजांस १८२९ सालीं सातारच्या छत्रपतींकडून गांवाच्या मोबदल्यांत मिळालें. पन्हाळ्यास मात्र त्यांचा हात लागला तो तोफेच्या बत्तीसह. प्रथम १६६० सालीं, सिद्दी जौहराच्या वेढ्यांत, राजापूरच्या वखारीचे इंग्रज स्वतः तोफा घेऊन गडावर मारा करावयास आले. व्यापाऱ्यांस हा उद्योग कोणी सांगितला होता? शिवाजी महाराज वेढ्यांतून विशाळगडीं निसटले, बाजीप्रभूंनीं देह ठेविला, आणि पुढच्याच वर्षीं महाराजांनीं राजापूरची वखार लुटून त्या इंग्रजांस कैदेंत घातलें.

दुसरा प्रसंग १८४४ चा. तो फारसा कोणी सांगत नाहीं. छत्रपति अल्पवयी असल्यामुळें इंग्रजांनीं दाजी कृष्ण पंडित यांस कारभारावर नेमिलें होतें. दरबारचा कारभार विस्कळित झाला होता व त्यास शिस्त हवी होती, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पिढ्यान्‌पिढ्या गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या जमिनी मामलतदारांच्या ताब्यांत देण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां त्यांच्या तोंडचा घांसच गेला. सामानगड व भुदरगड येथें उठाव झाला, आणि त्याचा वणवा राजधानीपर्यंत पोहोंचला. सातारचे रेसिडेंट कर्नल ओव्हन्स दौऱ्यावर असतां बंडवाल्यांच्या हातीं सांपडले. त्यांस याच पन्हाळ्यावर कोंडण्यांत आलें. ज्या गडावर तोफा डागल्याबद्दल इंग्रज एकदां बंदिवान झाले, त्याच गडावर त्यांचा रेसिडेंट कैदी व्हावा, हा योगायोग आम्हांस विलक्षण वाटतो.

ऑक्टोबरांत सामानगड पडला. १ डिसेंबर १८४४ रोजीं जनरल डेलामोट यांच्या तोफांनीं पन्हाळ्याच्या तटास खिंडार पाडलें व गड सर झाला. त्याच सुमारास चार दरवाजा उध्वस्त करण्यांत आला. पुढें संस्थानांतील किल्ल्यांची तटबंदी मोडण्यांत आली, वंशपरंपरागत गडकऱ्यांची पद्धति बंद झाली, आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच माथीं बसला!

तीन दरवाजा अद्याप उभा आहे. अंबरखान्याच्या कोठारांतही आपण जाऊं शकतों. त्यामुळें मार्गदर्शक प्रवाशांस तिकडेच नेतात, तें योग्यच आहे. ज्या गडकऱ्यांनीं जमिनीसाठीं प्राण वेंचिले, त्यांच्या नांवाचा फलक मात्र आम्हांस शोधूनही आढळला नाहीं.

परततांना त्या मुलानें चार दरवाजाच्या जागीं गाडी थांबवावयास लाविली. खालीं उतरून तो रस्त्याच्या कडेचे दगड बराच वेळ न्याहाळीत राहिला. शेवटीं पाऊस आला, तेव्हां आम्हींच त्यास हांक मारिली.