‘सायलेंट नाइट’: गाणं नेमकं कुणाचं?

श्रोतेहो, नाताळात जगभर गायल्या जाणाऱ्या ‘सायलेंट नाइट’चा इतिहास आज आपण पाहू.

मूळ गाणं जर्मन, ‘श्टिले नाख्ट’. 24 डिसेंबर 1818 रोजी ते साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावी, सेंट निकोलस चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या तरुण सहायक धर्मगुरूचे. चाल फ्रान्झ क्साव्हर ग्रुबर यांची. ते शेजारच्या आर्न्सडॉर्फचे शाळामास्तर आणि या चर्चचे ऑर्गनवादक. त्या रात्री साथीला मात्र होती गिटार. का, तर म्हणे उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला होता!

गोष्ट मोठी गोड आहे. पण ग्रुबरांनी पुढे लिहून ठेवलेल्या हकिगतीत उंदीरही नाहीत आणि बिघडलेला ऑर्गनही नाही. मोर यांनी कविता आणून दिली, गिटारच्या साथीची चाल मागितली, त्याच संध्याकाळी ती झाली. बस, एवढंच.

कविता तर त्याआधीची, 1816 सालची. ते वर्ष कसं होतं बघा. नेपोलियनची युद्धं नुकतीच संपलेली. साल्झबुर्ग ऑस्ट्रियाकडे गेलं, साल्झाख नदी सरहद्द झाली आणि ओबर्नडॉर्फ पलीकडच्या लाउफेन शहरापासून तुटलं. त्यात तांबोरा ज्वालामुखीच्या 1815 मधल्या उद्रेकानंतर युरोपात उन्हाळाच आला नाही, पिकं बुडाली. अशा वर्षी कुणी शांततेची कविता लिहिली, यात नवल ते काय?

पुढे टिरोलमधल्या त्सिलरटाल खोऱ्यातल्या स्ट्रासर, राइनर अशा गायक कुटुंबांनी हे गाणं लाइप्झिगपासून न्यूयॉर्कपर्यंत नेलं. वाटेत कर्त्यांची नावं गळाली. लोक त्याला टिरोलचं लोकगीत म्हणू लागले. कुणाला वाटे, इतकी सुंदर चाल हायडनचीच असणार! 1854 मध्ये बर्लिनच्या राजदरबारी वाद्यवृंदाकडून साल्झबुर्गला तशी विचारणा झाली, तेव्हा कुठे ग्रुबरांनी ती हकिगत लिहिली. मोर तोवर हयात नव्हते. 1848 मध्ये वाग्राइन या खेड्यात ते वारले होते. 1995 मध्ये मोर यांच्या हातचा कागद उजेडात आला. त्यावर शब्द मोर यांचे, साल 1816 आणि चाल ग्रुबरांची, अशी स्वच्छ नोंद आहे.

आम्हाला इथे ज्ञानाचा आणि न्यायाचा, असे दोन्ही प्रश्न दिसतात. चांगली चीज दिसली की ती मोठ्या नावाच्या खात्यावर टाकायची, ही आपल्या मनाची जुनी खोड. खेड्यातल्या मास्तराला हे जमेल, हे आपल्याला चटकन पटत नाही. म्हणून पुरावा तपासायचा. तो गोष्टीतले उंदीर काढून घेतो हे खरं. पण विसरलेल्या माणसांना त्यांचं काम परत देतो.

गाणं सर्वांचं झालं, ते होऊ द्यावं. नावं मात्र विसरू नयेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.