डोळे शाबूत, दृष्टी गेली

वाचकहो, डोळा निरोगी असून माणूस आंधळा होऊ शकतो काय? सिहोऱ्याच्या बाजारात हा प्रश्न टाका, दोन उत्तरे हमखास मिळतील. कुणी म्हणेल, "बाहेरचं आहे, अंगारा लावा." दुसरा म्हणेल, "काही नाही हो, रोवणीचे दिवस आले, काम चुकवायचं सोंग आहे." ही दोन्ही उत्तरे फार जुनी आहेत आणि दोहोंनीही रोग्यांचे हालच केले. तिसरे, शहाणपणाचे उत्तर सापडायला डॉक्टरांनाही शतके लागली. त्याचीच ही हकीकत.

प्राचीन ग्रीकांत अशी समजूत होती की, बाईचे गर्भाशय जागा सोडून अंगात हिंडते आणि नाना विकार उत्पन्न करते. गर्भाशयाच्या ग्रीक नावावरूनच 'हिस्टेरिया' हा शब्द आला. दुखणे बायकांच्या माथी बसले ते बसलेच. आपल्याकडेही त्याला 'योषापस्मार', म्हणजे बायकांचा अपस्मार, असे नाव पडले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात शार्को नावाचे मोठे मज्जातंतुतज्ज्ञ होते. अपघातात सापडलेल्या कामकरी पुरुषांनाही हाच विकार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच काळात ल हाव्र या फ्रेंच बंदरात पिएर जाने यांनी एक मुलगी तपासली. आपल्या ग्रंथात ते तिला मारी म्हणतात. वय 19, आणि डाव्या डोळ्याने लहानपणापासून काहीच दिसत नव्हते. जाने यांनी तिला संमोहननिद्रेत नेऊन मागचे विचारले. तेव्हा उलगडा झाला की, सहा वर्षांची असताना तिला एका मुलाशेजारी बळेच निजवले होते. त्या मुलाच्या चेहऱ्याची डावी बाजू चट्ट्यांनी भरलेली होती. जाने यांनी तिला तो प्रसंग मनाने पुन्हा जगायला लावला. मूल चांगले आहे, त्याला काही झालेले नाही, असे तिच्या मनावर बिंबवले. तिने त्या कल्पनेतल्या मुलाला कुरवाळले, आणि तिला डाव्या डोळ्याने दिसू लागले. 1889 साली जाने यांनी हे छापले. पुढे 1895 मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी मांडले की, मनात कोंडलेले दुःख शरीराच्या लक्षणाचे रूप घेते.

तरीही 'सोंग' हा शब्द सुटला नाही. 1914 ते 1918 च्या महायुद्धात कित्येक सैनिक खंदकांतून आंधळे, मुके, बहिरे होऊन परतले. डोळ्याला, कानाला इजा काही नव्हती. आता या गड्यांच्या बाबतीत गर्भाशयाला दोष कसा द्यावा? मग अनेकांवर भित्रेपणाचा शिक्का बसला. पुढे 1980 च्या दशकात अमेरिकेतील लाँग बीच या शहरी कंबोडियातून आलेल्या सुमारे दीडशे बायकांना अशीच दृष्टिहानी झाल्याचे आढळले. ख्मेर रूज राजवटीत त्यांनी भोगले होते फार, आणि कित्येकींनी आपल्या माणसांचे मरण डोळ्यांनी पाहिले होते.

मग हे ओळखावे कसे? डॉक्टर डोळ्यावर उजेड टाकून बाहुली आकसते का ते पाहतात. पट्ट्यांचा ढोल रोग्यापुढे फिरवतात, किंवा मोठा आरसा धरून हलवतात. दृष्टीची वाट खुली असेल तर बुबुळे आपोआप त्यामागे जातात. इथे घरचे म्हणतील, "बघा, पकडलं!" पण थांबा. रेडिओचा संच शाबूत, एरियल शाबूत, आणि सुई स्टेशनावर लागत नाही, तर आपण संचाला लबाड म्हणतो काय? डोळ्याने घेतलेले चित्र मेंदूत पोचते, पण ते त्या माणसाच्या जाणिवेत उतरत नाही. त्याला खरोखरच दिसत नसते.

उलट बाजूची चूकही घडलेली आहे. 1965 साली लंडनच्या इलियट स्लेटर यांनी हिस्टेरियाचा शिक्का बसलेल्या 85 रोग्यांचा मागोवा घेतला. त्यांतल्या पुष्कळांना मज्जासंस्थेचे वा इतर खरेखुरे आजार निघाले. 2005 च्या एका पाहणीनुसार चुकीच्या निदानाचे प्रमाण 1950 च्या दशकात शेकडा 29 होते, ते 1970 नंतर शेकडा 4 वर आले. डोळ्यामागच्या शिरेला सूज आली तर आरंभी डोळा बाहेरून व आतून ठीकच दिसतो. म्हणून तर नेत्रवैद्य गमतीने म्हणतात, रोग्यालाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही!

1980 साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीतून हिस्टेरियाचा वेगळा वर्ग निघाला. आज या विकाराला 'कार्यात्मक' म्हणतात. म्हणजे अवयव धड, पण त्याचे काम बिघडलेले. मनावरचा आघात दर वेळी सापडलाच पाहिजे, असा हट्टही आता उरलेला नाही.

तेव्हा, वाचकहो, घरात सुनेला, मुलीला किंवा कर्त्या गड्याला एकाएकी दिसेनासे झाले तर काय कराल? त्याच दिवशी तुमसर किंवा भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्याची वाट धरा, कारण डोळ्याचा वा मेंदूचा आजार असेल तर एकेक तास मोलाचा असतो. तपासणीत डोळा चांगला निघाला तर "नाटक बंद कर" हे शब्द तोंडून काढू नका. "डोळे तुझे शाबूत आहेत, नजर परत येऊ शकते," एवढे सांगा आणि मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. नागपूरला ती सोय आहे. 14416 या सरकारी फोनवर मनाच्या दुखण्याचा सल्ला फुकट मिळतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली कुणी मारहाण करू लागला, तर महाराष्ट्राच्या 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. बरे होणारे रोगी पुष्कळ असतात. मात्र आपले बोलणे खरे मानले गेले, एवढा विश्वास त्यांना आधी घरातून मिळावा लागतो.