बारा महिन्यांच्या माउल्या

चैत्र शुद्ध एकादशीला पंढरीची चैत्री वारी होते. आषाढी-कार्तिकीच्या मानाने गर्दी कमी, पण नेमाचा वारकरी ती चुकवत नाही. वारी करून वाणगावचा माळकरी घरी पोहोचतो न पोहोचतो, तोच पौर्णिमा येते आणि पाड्यापाड्यांवरून माणसे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला निघतात. मग दरवर्षी कोणीतरी विचारते, गळ्यात तुळशीची माळ घातल्यावर या यात्रेला जावे का? तिथे नवस फेडले जातात, कोंबडी-बकरी मारली जातात. न जावे तर शेजारपाजार, सोयरेधायरे सगळे निघालेले. घरातली म्हातारी म्हणते, देवीला पाठ दाखवू नये. आणि नव्याने माळ घेतलेला मुलगा म्हणतो, आपले दैवत एकच.

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर या भूमीतल्या देवींचे वर्ष कसे फिरते ते आधी पाहिले पाहिजे.

वाणगाव म्हणजे पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले स्थानक. पश्चिमेला चिंचणी-तारापूरचा किनारा, पूर्वेला मिरचीच्या वाड्या, त्यापलीकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आणि डोंगर. त्या डोंगरांत महालक्ष्मीचा सुळका एकटा उठून दिसतो. देवीचे मूळ ठाणे त्या गडावर. खाली विवळवेढ्याला आज जे मोठे देऊळ आहे त्याची कथा तुम्ही ऐकली असेल. एक गरोदर बाई नेमाने गड चढत होती. एकदा तिला चढवेना, वाटेतच ती घेरी येऊन पडली. तेव्हा देवी म्हणाली, आता तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. आणि ती पायथ्याशी येऊन राहिली.

या कथेपाशी जरा थांबा. देव उंचावर बसला आहे आणि भक्ताने धापा टाकत त्याच्याकडे जायचे, ही रीत पुष्कळ ठिकाणी आहे. पण आपला विठोबा कसा पंढरीला आला? पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता, त्याला उठता येईना, म्हणून देवच दाराशी आला आणि विटेवर उभा राहिला. महालक्ष्मीनेही एका अवघडलेल्या बाईसाठी डोंगर सोडला. दोन्ही कथांत भक्ताची अडचण देवाने ओळखली आहे. मला तर या दोन कथा सख्ख्या बहिणी वाटतात.

चैत्र पौर्णिमेच्या रात्री गडावर ध्वज चढतो. ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा, आणि तो घेऊन अंधारात सुळका चढण्याचा मान वाघाडीच्या पुजारी घराण्याचा. जव्हार संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, पण ध्वज चढायचा थांबला नाही. पुढे पंधरा दिवस यात्रा चालते. सुकी मासळी, मसाला, भांडीकुंडी, शेतीची अवजारे, अशी पावसाळ्याची सगळी बेगमी लोक इथूनच करून नेतात. पेरणीआधीचा हा शेवटचा मोठा बाजार. देवी आणि बाजार एकाच तिथीला येतात यात कमीपणा मानू नये. पंढरीतही चंद्रभागेच्या वाळवंटाइतकीच बुक्क्याची दुकाने आपल्या ओळखीची आहेत.

वैशाख म्हणजे लग्नसराई. वारली घरात लग्न असले की कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगात चौक लिहितात. तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा. चौकाच्या मध्यभागी असते पालघट देवी. ती वनस्पतीची, सुफलतेची माता. तिच्या नावातच घट आहे. ती भिंतीवर आल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि लग्न लावते धवलेरी. धवलेरी ही बाई असते हे लक्षात घ्या. ती गाणी गात सगळे विधी करते, त्या गाण्यांत धरतीच्या उत्पत्तीपासूनची कथा येते. जिथे पौरोहित्य बाईच्या कंठात आहे असे समाज आपल्याकडे किती उरले आहेत, ते तुम्हीच आठवून पाहा.

पालघटाशेजारी एक लहान चौक असतो, देवचौक. त्यात पाचशिऱ्या देव काढतात. पुष्कळदा तो घोड्यावर असतो, त्याला शिर नसते, आणि मानेतून धान्याचे पाच कोंब फुटलेले असतात. हे चित्र पाहिले की मला तेर आठवते. तेर म्हणजे आपल्या गोरोबाकाकांचे गाव, धाराशिव जिल्ह्यातले. तिथे जमिनीतून सातवाहन काळातल्या मातीच्या छोट्या मूर्ती निघाल्या. त्यांत एक माता आहे, जिला अभ्यासक लज्जागौरी म्हणतात. अशा मूर्तींना मस्तक नसते, काहींत त्या जागी कमळ असते. आणि ती प्रसवाच्या आसनात बसलेली असते. रा. चिं. ढेरे यांनी 1978 मध्ये ‘लज्जागौरी’ या पुस्तकात या मातेचा माग काढला. गोरोबाकाका ज्या गावची माती तुडवीत नामात रंगले, त्याच गावच्या कुंभारांनी हजाराहून अधिक वर्षे आधी जन्म देणारी आई घडवली होती. शिराच्या जागी अंकुर किंवा फूल असलेले दैवत तेरला मातीत सापडते आणि वाणगावच्या पूर्वेला भिंतीवर. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. पेरलेले बी मरून उगवते, हे दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या शेतात पाहिले होते.

वाणगावजवळच्याच गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची चित्रकला कागदावर आणली. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी पाड्यांवर फिरले, त्यांनी कागद आणि रंग दिले. पुढे मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. जगभर वारली चित्र पोहोचले याचा आनंद आहेच. पण आता पिशव्यांवर आणि कपांवर तारपा नाचतो, पालघट मात्र फारशी दिसत नाही. ती बाजारात जायला तयार नाही, की आपणच तिला ओळखत नाही?

जेष्ठ-आषाढात पाऊस येतो. वारकऱ्याचे पाय पंढरीकडे आणि इथल्या शेतकऱ्याचे चिखलात. पहिल्या पावसाने रानात कोळूची भाजी उगवते. ती देवाला दाखवल्यावाचून आदिवासी घरात खात नाहीत. भूक असते, भाजी पायाशी असते, तरी हात थांबतो. एकादशीला आपण अन्न वर्ज्य करतो त्याहून हा नेम सोपा नाही, कारण पावसाळ्याच्या तोंडाला घरातली कणगी रिकामी झालेली असते.

श्रावणात नारळी पौर्णिमा. किनाऱ्यावरचे कोळी समुद्राला नारळ देतात. त्याआधी शुद्ध सप्तमीला शीतलेचा दिवस, चूल न पेटवता आदल्या दिवशीचे थंड अन्न खाण्याचा. वाणगावहून गाडीने खाली गेले की बोईसर, उमरोळी, पालघर आणि मग केळवे रोड. केळव्याला शीतलादेवीचे प्रसिद्ध देऊळ आहे. मराठीत त्या रोगाचेच नाव ‘देवी’. अंगावर फोड उठले की देवी आल्या म्हणायचे, आणि टोचत ती देवीची लस. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मध्ये नोंदला गेला, 1980 मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. रोग गेला, देऊळ राहिले. आज तिथे जाणारी तरुण आई लेकराला नुसते सुखी ठेव म्हणते; तिच्या आजीला काय मागावे लागत होते ते तिला ठाऊकही नसते. भीती वजा झाली आणि आई शिल्लक राहिली, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आणि इथेच तुकोबांकडे वळले पाहिजे. तुकोबांनी जाखाई-जोखाईची नावे घेऊन फटकारले आहे, हे खरे. पण कशाबद्दल? जे दैवत खायला मागते, दिले नाही तर कोपते, पोराबाळांच्या जिवावर धाक घालते, त्या देवघेवीबद्दल. तुकोबांचा राग भीतीवर आणि लाचेवर होता. नाथांनी तर पुढचे पाऊल आधीच टाकले होते. एकनाथ महाराजांनी जोगवा लिहिला, गोंधळ लिहिला. देवीच्या दारची परडी हातात घेऊन त्यांनी मागितले काय, तर ज्ञान आणि भक्ती. परडी तीच, मागणे बदलले. जनाबाईंनी तर विठ्ठलालाच बाई करून टाकले, विठाबाई म्हणून हाक मारली. आईची हाक संतांनी कधी परकी मानली नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणितज्ञ. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी हिंडून त्यांनी गावाबाहेरच्या मातांची ठाणी पाहिली आणि 1962 च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात लिहिले की ही ठाणी अतिप्राचीन पायवाटांच्या चव्हाट्यांवर आहेत, आणि पालखीची वाटही अश्मयुगीन माणसांच्या ऋतुमानाप्रमाणे फिरण्याच्या वाटांना धरून आहे. सगळ्यांना त्यांचे म्हणणे पटलेले नाही. पण आळंदीहून निघताना आपल्या पायाखाली कोणाकोणाची पावले असतील, हा विचार मला तरी भक्तीला बाधक वाटत नाही.

भाद्रपदात गौर येते, तेरड्याच्या रोपांच्या रूपाने, तीन दिवसांची माहेरवाशीण. कोकणात काही घरी तिला तिखटाचा नैवेद्य असतो. आश्विनात घट बसतात, मातीत धान्य रुजते. आणि वद्य द्वादशीला एक मौज आहे: देशावर त्या दिवशी वसुबारस, गाय-वासराची पूजा, इकडे पाड्यांवर त्याच तिथीला वाघबारस, वाघदेवाची पूजा. जे गाय राखते त्या घरालाच वाघाची आठवण ठेवावी लागते. याच सुमारास नवा भात घरात येतो. वारल्यांची धान्याची माता कणसरी. कणसातली, म्हणून कणसरी. तिचा मान झाल्यावर नवे अन्न तोंडात, आणि मग तारप्याच्या सुरावर रात्र रात्र फेर.

या सगळ्याला गोड मुलामा देण्याचे मात्र काम नाही. ज्या पाड्यांवर धरतरी, गावतरी, कणसरी या आया पुजल्या गेल्या, तिथेच जित्याजागत्या बाईला भुताळी ठरवून मारझोड झाली, घराबाहेर काढले गेले. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा गोष्टींसाठीही. देवीला मान आणि बाईला मार, हे देशावरही झाले आहे, शहरातही होते. म्हणून मी माळकरी घरांना सांगतो: यात्रेला जा, ओटी भरा, सुरी नेऊ नका. भगताने कोणा बाईचे नाव घेतले तर पहिला विरोध माळकऱ्याने करावा; तुकोबांचा राग तिथे कामी येऊ द्या. पण मुलीच्या लग्नात ‘आता आम्ही सुधारलो’ म्हणून धवलेरीला उंबऱ्याबाहेर बसवू नका. माळ घेतल्याने कोंबडे सुटावे, बाई सुटू नये. आणि पालघटाला आपल्या एखाद्या देवीचे नाव देऊन टाकण्याची घाईही करू नये. तिला तिचे नाव आहे.

कार्तिकात तुळशीचे लग्न, मार्गशीर्षात गुरुवारची लक्ष्मी, पौषात शाकंभरी. हे महिने तुमच्या माझ्या घरात सारखेच. माघी वारी होते आणि फाल्गुन येतो. किनाऱ्यावरचे कोळी होळीला हावलुबाय म्हणतात, म्हणजे तीही बाईच. बाया तिची ओटी भरतात, मग ती पेटते. चार दिवसांनी राख वाऱ्यावर उडून जाते, आणि पूर्वेच्या पाड्यांवर माणसे राबासाठी पालापाचोळा गोळा करू लागतात.