एक तार तुटली तरी : संगणक-जाळ्यांतील जोडदुव्यांचा इतिहास

कुंभकोणमजवळचे नाचियार्कोविल् पितळी समयांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच तेथील मंदिरातील पाषाणगरुडासाठीही. उत्सवात ही मूर्ती बाहेर काढताना आरंभी चार भोई पुरतात. पुढे तिचा भार वाढत जातो आणि भोयांची संख्या आठ, सोळा, बत्तीस अशी दुप्पट होत जाते, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग वेगळा ठेवला तरी एक व्यावहारिक प्रश्न उरतोच. भार अनेक खांद्यांवर वाटला, तर सर्वांची पावले जुळवायची कशी? संगणक-जाळ्यांना नेमक्या याच प्रश्नाने सुमारे तीन दशके गुंतवून ठेवले.

ईथरनेटच्या संदेशखंडाला आयुर्मर्यादा नसते. त्यामुळे दोन स्विचमध्ये दोन तारा जोडल्या की वर्तुळ तयार होते, त्यात संदेश अखंड फिरत राहतात आणि सारे जाळे ठप्प होते. १९८५ मध्ये राडिया पर्लमन यांनी ‘स्पॅनिंग ट्री’ ही पद्धत शोधून हा धोका टाळला. तिने जादा तार बंद ठेवली आणि मुख्य तार तुटल्यावरच ती सुरू केली. जाळे सुरक्षित झाले; परंतु पैसे मोजून घेतलेली तार एरवी निरुपयोगी पडून राहू लागली.

यावर तोडगा काढणाऱ्या कंपनीचे नाव भारतीय होते. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी सिलिकॉन व्हॅलीत स्थापन केलेल्या ‘कल्पना’ या कंपनीला भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव दिले होते. ईथरनेट स्विच प्रथम बाजारात आणणाऱ्या या कंपनीने पुढे ‘ईथरचॅनल’ घडवले. त्यात अनेक तारा मिळून एकच दुवा मानला जाई. १९९४ मध्ये सिस्कोने ‘कल्पना’ विकत घेतली. २००० मध्ये आयईईईने ‘८०२.३एडी’ या मानकाद्वारे ही पद्धत सर्व उत्पादकांसाठी खुली केली.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. चार तारा जोडल्याने एकच फाइल चौपट वेगाने जात नाही. संदेशांचा क्रम बिघडू नये म्हणून एका संवादाचे सर्व खंड एकाच तारेने पाठवले जातात. लाभ होतो तो अनेक संवाद एकाच वेळी चालू असताना.

तरीही एक उणीव राहिली. सर्व तारा एकाच स्विचला जोडलेल्या असत. तो स्विच बंद पडला की चारही तारा व्यर्थ. म्हणून सर्व्हरच्या तारा दोन स्विचमध्ये विभागण्याची कल्पना पुढे आली. दोन्ही स्विच सर्व्हरला एकच ओळख दाखवतात आणि आपसांतील दुव्याने परस्परांची स्थिती जुळवून घेतात. नॉर्टेल, सिस्को आदी कंपन्यांनी हे आपापल्या रीतीने साधले. आयईईईचे सामाईक मानक २०१४ मध्ये आले.

खरी कसोटी मात्र आपसांतील तो दुवाच तुटल्यावर लागते. दोन्ही स्विच स्वतःला प्रमुख समजू लागले तर गोंधळ माजतो. म्हणून एकाने माघार घ्यावी, हा नियम आधीच ठरवावा लागतो. शिवाय दोन्ही स्विच एकाच वीजजोडणीवर असतील, तर एवढी सारी व्यवस्था एका फ्यूजवर तोललेली राहते. रुग्णालय असो वा बँक, तारा किती आहेत हे मोजून भागत नाही. त्या सगळ्या शेवटी कोणत्या एका ठिकाणी येऊन मिळतात, हे शोधावे लागते.