साबण, पाणी आणि दाराची कडी

कॅथेटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर खाटेला टांगलेली लघवीची पिशवी येते. पण दिवसातून चार ते सहा वेळा स्वतःच बारीक नळी घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, नळी काढायची आणि कामाला लागायचं, अशीही एक पद्धत आहे. तिची गोष्ट सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाआधी मज्जारज्जूला इजा झालेले पुष्कळ रुग्ण लघवीच्या जंतुसंसर्गाने नाहीतर पाठीच्या जखमा चिघळून दगावत. 1944 साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामं करण्याचा त्यांचा आग्रह होता, पण पूर्ण निर्जंतुक पद्धतीने. घरी किंवा ऑफिसात ते कसं जमणार?

1972 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉ. जॅक लॅपिडीस यांनी सहकाऱ्यांसह लिहिलं की निर्जंतुक नको, स्वच्छ पुरे आहे. आणि नळी रुग्णाने स्वतः घालावी. आम्हा डॉक्टरांच्या जमातीला हे सहज पचलं नाही! त्यांचा मुद्दा साधा होता. मूत्राशय फार ताणलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचं फावतं. म्हणून निर्जंतुकपणापेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं. या पद्धतीमुळे असंख्य माणसं शाळेत, नोकरीवर जाऊ लागली.

फक्त वेळ पाळायची तर जागा हवी.

माझ्याकडच्या एका ताईंना वर्षात तीनदा संसर्ग झाला. तिन्ही वेळा मी अँटिबायोटिक दिलं, वर हात नीट धुण्यावर व्याख्यानही दिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हात धुते हो मी. पण दुकानातल्या संडासाला कडी नाही, पाणी बाहेरून आणावं लागतं. दुपारची वेळ मी चुकवतेच. म्हणून पाणीही कमी पिते." म्हणजे सकाळी नऊ ते रात्री आठ मूत्राशय भरलेलंच. लॅपिडीस यांनी नेमकं हेच टाळायला सांगितलं होतं, आणि मी औषधं बदलत बसलो होतो.

मग त्यांनी मालकाशी बोलून कडी बसवून घेतली. पाण्याची बाटली त्या पर्समध्ये ठेवतात.

तुम्ही नळी वापरत असाल, तर एका वेळी 400-500 मिलीहून जास्त लघवी साठू देऊ नका. एखादी वेळ चुकत असेल तर का चुकते ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.